उतराबाई आणि माझी रबरी नळी

मी रस्ते मोजतो. म्हणजे लांबी-रुंदी नव्हे, रस्त्यावरून किती वाहनं जातात ते मोजतो. रस्त्यावर एक रबरी नळी आडवी टाकायची, दोन्ही बाजूंना खिळे ठोकून पक्की करायची आणि एक टोक कुलपाच्या पेटीत सोडायचं. चाक गेलं की नळीतली हवा दबते आणि दर दोन दाबांना पेटीतला आकडा एकानं पुढे सरकतो. दोन दाब म्हणजे एक सायकल. झालं माझं काम. कुणी कौतुकानं विचारलं तर मी एवढंच सांगतो, आणि ऐकणारा "अच्छा" म्हणून पाणी प्यायला उठतो.

एकतीस वर्षं मी हे करतोय. डोळ्यांनी मोजणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. माणूस जांभई देतो, शिंकतो, ओळखीचं कुणी दिसलं की गप्पा मारत बसतो. पेटी यातलं काही करत नाही. या एकतीस वर्षांत पेटीनं मला एकदाच तोंडघशी पाडलं, आणि ती हकीकत उतराबाईंची आहे.

दोन जुन्या गावांच्या मध्ये सतरा किलोमीटर खाजण, म्हणजे खाऱ्या चिखलाची जमीन आहे. एका टोकाला घड्याळाचं गाव, दुसऱ्या टोकाला तटाचं. मधून खारबांध जातो. समुद्राचं पाणी शेतात शिरू नये म्हणून कोणे एके काळी घातलेला मातीचा उंच बांध, आणि त्याच्या माथ्यावर रस्ता. या रस्त्यावर मोटारींना बंदी. बंदी घातली तेव्हा वाटेतले पूल कमजोर होते. पुढे पूल नीट बांधून घेतले, पण बंदीचा फलक काढायचं कुणाला सुचलं नाही. आता सुचलं होतं. मोटारीनं जायचं तर चाळीस किलोमीटरचा वळसा पडतो, तेव्हा बांध खुला करा, असा अर्ज काही मंडळींनी केला होता. पालिकेनं म्हटलं, आधी मोजा. दिवसाला सरासरी दोनशे सायकली जात असतील तर बंदी राहील. नसतील तर रस्ता रुंद करून मोटारी सोडायच्या. मोजायला मला धाडलं.

ज्या सकाळी मी घड्याळाच्या गावात उतरलो, त्या सकाळचा एक प्रसंग आधी सांगतो, कारण मी तेव्हाच शहाणा झालो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. गावाच्या चौकात दगडी मनोरा आहे आणि त्यावरचं घड्याळ सात मिनिटं मागे चालतं. गाव त्या घड्याळाप्रमाणे चालतं, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही. चौकात एक जण फरशी धूत होता, त्याची पाण्याची नळी रस्त्यावर आडवी पडली होती. समोरून चष्म्याचा दुकानदार सायकलवरून आला. चांगला इस्त्रीच्या कपड्यातला, पन्नाशीचा माणूस. नळीपाशी येताच तो उतरला, सायकल दोन्ही हातांनी उचलली, नळीच्या पलीकडे ठेवली आणि पुन्हा बसून निघून गेला. फरशी धुणाऱ्यानं मानही वर केली नाही.

मला मोठी गंमत वाटली. नळीला काही होऊ नये म्हणून? की टायर ओला होऊ नये म्हणून? पण टायर तर आधीच ओला होता. विचारावं म्हणून मी मागे वळलो, तोवर चष्मेवाला गल्लीत दिसेनासा झाला होता. असेल एखादा विक्षिप्त, म्हणून मी विषय सोडून दिला.

मग पेटी कॅरियरला बांधून मी बांधाला लागलो. सपाट रस्ता म्हटल्यावर मी खूश होतो, पण दोन किलोमीटरमध्येच कळलं की इथे चढ नसला तरी वारा आहे, आणि चढ कधीतरी संपतो. पण तो रस्ता. मी आयुष्यभर रस्त्यांवर काम केलंय, तरी स्वतःच्या सायकलच्या साखळीचा आवाज इतका स्पष्ट कधी ऐकला नव्हता. डावीकडे चिखल, त्यातून पाण्याच्या वाकड्यातिकड्या रेघा, चिखलात खेकड्यांची बिळं आणि त्यांतून येणारा बारीक टपटप आवाज. उजवीकडे गवत आणि त्यापलीकडे शेतं. मागे पाहिलं तर मनोरा, पुढे पाहिलं तर तटाच्या गावाची भिंत, आणि दोन्ही जागच्या जागी. तासभर पेडल मारलं तरी भिंत तसूभर जवळ येईना. समोरून येणारा माणूस दहा मिनिटं आधी दिसतो. आधी ठिपका, मग ठिपक्याला टोपी, मग टोपीखाली चेहरा. तो जवळ येईपर्यंत तुम्ही त्याच्याविषयी बरंच काही ठरवून टाकलेलं असतं. आणि गंमत म्हणजे प्रत्येक जण मान हलवून ओळख देत होता.

बांधाच्या बरोबर मध्यावर उघाडी आहे. उघाडी म्हणजे बांधाला ठेवलेलं दार. ओहोटीला उघडायचं, आतलं साचलेलं पाणी समुद्राकडे सोडायचं, आणि भरती चढायच्या आत लावून घ्यायचं. हे दार सांभाळणाऱ्या बाई तिथेच एका खोलीत राहतात. खोली बांधाला चिकटून, दार थेट रस्त्यावर. दाराशी लाकडी बाक, बाकाशेजारी पाण्याचा माठ, खिळ्याला साखळीनं बांधलेला सायकलचा पंप, आणि पंपाखाली पत्र्याचा डबा. त्यात पंक्चरची ठिगळं, सोल्यूशन, दोन पाने. आत भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता, एक खाट, एक टेबल आणि लेकीचा फोटो. लेक लांब असते. दर रविवारी फोन करते. एवढं सगळं मला पहिल्या अर्ध्या तासात कळलं, कारण बाई बोलत होत्या आणि मी खिळे ठोकत होतो. पेटीला कुलूप लावायला लोखंडी खांब हवा होता आणि सतरा किलोमीटरमध्ये तो फक्त यांच्या दाराशी होता.

"हे काय बसवताय?" त्यांनी विचारलं. बाई साठीच्या पुढच्या, उंच, हाताला ग्रीस लागलेलं.

आमच्या कामात एक नियम आहे. काय मोजतोय ते लोकांना सांगायचं नाही. सांगितलं की लोक हौसेनं दहा-दहा चकरा मारतात. म्हणून मी म्हटलं, "हवेच्या दाबाचं यंत्र आहे. सरकारी आहे, जरा नाजूक असतं. सात दिवस राहील. लक्ष ठेवाल का तेवढं?"

"ठेवते की. लक्ष ठेवायचीच नोकरी आहे माझी."

नळी बसवून झाल्यावर मी चाचणीसाठी तिच्यावरून सायकल नेली. पेटीत एकचा आकडा पडला. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चिखलाचे बूट घालून त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलो होतो. "तुमचीच आहे म्हणा," त्या म्हणाल्या, "तुम्हाला कोण बोलणार." मी हसलो आणि तटाच्या गावाच्या दिशेनं निघालो. मागून त्यांचा खणखणीत आवाज आला, "उतरा." कुणाशी तरी भांडण चाललं असेल असं मला वाटलं.

ते सात दिवस मी तटाच्या गावापलीकडचे रस्ते मोजत होतो. मुक्काम मात्र तटाच्या आतच होता. गावात शिरायला एकच कमान आहे आणि ती इतकी अरुंद की दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकानं थांबावं लागतं. कमानीखालच्या दगडात गाड्यांच्या चाकांनी घासून दोन चर पडलेत. किती गाड्या गेल्या असतील? माझ्याआधी कुणी मोजलं नव्हतं हे पाहून मला उगाच हळहळ वाटली.

आठव्या दिवशी, गुरुवारी, मी उघाडीवर परतलो, नळी ओलांडली आणि पेटी उघडली. आकडा होता चौदा.

दिवसाला चौदा नव्हे. सात दिवसांत चौदा.

पहिल्या दिवशी एका फेरीत मीच पन्नासेक माणसं पाहिली होती. मी नळी तपासली. कुठे चीर नाही. अंगठ्यानं दोनदा दाबली, आकडा सरकला. पुन्हा दोनदा दाबली, पुन्हा सरकला. पेटी ठणठणीत होती. बाई दाराशी उभ्या राहून सगळं बघत होत्या आणि त्यांचा चेहरा बक्षीस मिळणार असल्यासारखा फुललेला होता.

"बघा हं नीट," त्या म्हणाल्या. "ओरखडा नाही. एका चाकाला शिवू दिलं नाही मी."

मी पेटी खाली ठेवली. "म्हणजे?"

"म्हणजे काय, प्रत्येकाला सांगितलं, सरकारी आहे, नाजूक आहे, उचलून न्या. तसे उतरतातच सगळे इथे. आता दोन पावलं आधी उतरवलं, एवढंच." मग त्यांचा आवाज थोडा उतरला. "सहा जण तेवढे निसटले. बाहेरगावचे होते. मी खाली ग्रीस लावत होते, तेवढ्यात गेले सुसाट. येतानाही तसेच. मी ओरडले, पण वारा उलटा होता."

सहा जाताना, सहा येताना, बारा. एक माझी चाचणी, एक माझी आत्ताची. चौदा. पेटीनं अगदी अचूक मोजलं होतं. मी कपाळावर हात मारून बाकावर बसलो.

दोन तास मी तिथे बसून पाहिलं. समोरून ठिपका यायचा, ठिपक्याचा माणूस व्हायचा, बाई दारातून म्हणायच्या, "उतरा." त्या म्हणायच्या आधीच पाय जमिनीला लागलेला असायचा. मग सायकल उचलून पलीकडे, आणि त्या निमित्तानं दोन शब्द. कुणाच्या सासऱ्यांचा गुडघा, कुणाच्या दुकानाचं शटर, कुणाच्या मुलीची परीक्षा. कुणी माठातलं पाणी प्यायचं, कुणी पंप घ्यायचं. तोंडावर सगळे त्यांना आत्या म्हणत आणि पाठीमागे उतराबाई. एक म्हातारा गवंडी आला. कॅरियरवर थापी, ओळंबा आणि अवजारांची जड पिशवी, एक गुडघा धरलेला. तोही उतरला, कण्हत सायकल उचलली, नळीपलीकडे ठेवली आणि बाकावर टेकला. "लेकीचा फोन आला का?" त्यानं विचारलं. "आज गुरुवार आहे," बाई म्हणाल्या. "मग रविवारी येईल," असं म्हणून तो पाणी प्यायला आणि गेला.

तेव्हा मला चौकातला चष्मेवाला आठवला. दोन्ही गावांतली माणसं लहानपणी याच बांधावर सायकल शिकली होती आणि रस्त्यावर आडवं काही दिसलं की उतरायचं, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. दोन तासांत बहात्तर जण गेले. मी डोळ्यांनी मोजले, आयुष्यात पहिल्यांदाच.

मग मी नियम मोडला आणि बाईंना सगळं सांगितलं. नळी काय मोजते, दोनशेचा आकडा काय आहे, आणि सोमवारी सकाळी पालिकेची सभा आहे. रुंदीकरणाचा नकाशा माझ्या पिशवीत होता, तोही दाखवला. त्यांची खोली त्यात नव्हती. तिच्या जागी रस्त्याची कड होती.

बाईंनी नकाशा दोनदा पाहिला. "म्हणजे मीच," त्या म्हणाल्या, "मीच राखण करून घालवला रस्ता."

"नाजूक आहे म्हणून मीच सांगितलं होतं," मी म्हटलं. ते खरंही होतं, आणि मला मनापासून वाईट वाटत होतं.

मी साहेबांना फोन लावला. "चौदा म्हणजे चौदा," साहेब म्हणाले. मी म्हटलं, मोजणीत घोळ आहे. "नळी खराब आहे का?" "नळी उत्तम आहे, साहेब. माणसं खराब आहेत. म्हणजे चांगली आहेत, म्हणूनच घोळ झालाय." साहेब म्हणाले, "उद्यापासून तीन दिवस देतो. शुक्रवार, शनिवार, रविवार. तिन्ही दिवसांची सरासरी. आणि हे बघ, पेटीतला आकडा हवा. तू काय पाहिलंस ते नको."

फोन ठेवल्यावर मी बाईंना विचारलं, "पण मुळात उतरवता कशाला तुम्ही लोकांना?"

त्यांनी सांगितलं. उघाडी पूर्वी लाकडी होती आणि रस्त्यात आडव्या बसवलेल्या फळीला साखळीनं टांगलेली असायची. वजनदार सायकल फळीवरून आदळली की साखळी सरकायची, दार नीट बसायचं नाही आणि भरतीचं पाणी शेतात. त्यांचे वडील तेव्हा इथे होते. एका वर्षी असं झालं आणि दोन हंगाम त्या शेतांत गवतसुद्धा उगवलं नाही. तेव्हापासून वडील दारात उभे राहून म्हणायला लागले, उतरा. वडिलांनंतर बाई म्हणायला लागल्या.

मी खाली पाहिलं. रस्ता ही माझी रोजची वस्तू आहे. एकदा नजर पडली की मला कळतं कुठे काय आहे. तिथे फळी नव्हती. सांधाही नव्हता. एकसंध, गुळगुळीत काँक्रीट होतं, आणि त्याचा रंग पाहता चांगलं जुनं. आठवडाभरापूर्वी मी याच काँक्रीटमध्ये खिळे ठोकले होते, पण तेव्हा कुठे पाहिलं होतं.

"फळी कुठे आहे?" मी विचारलं.

बाईंनी स्वच्छ हात पुन्हा फडक्याला पुसले. "नाही."

"कधीपासून?"

"बावीस वर्षं होतील." त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. "मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. दीड महिना. आले तर लोखंडी दार बसवलेलं, वर काँक्रीट, आणि आत बटण. बटण दाबायचं, दार उघडतं. पुन्हा दाबायचं, लागतं. उतरायचं काही कारणच उरलं नव्हतं. म्हटलं, पहिला येईल त्याला सांगू, आता बसून जा खुशाल. पहिला गवंडीच आला. मी तोंड उघडायच्या आत हा उतरलेला. सायकल उचलून नेली आणि म्हणाला, कधी आलात? लेक कशी आहे? नातू की नात? मी सगळं सांगितलं. तो बसला अर्धा तास. मग म्हटलं, उद्या सांगू."

"आणि?"

"आणि बावीस वर्षं झाली. माणूस उतरला की दोन शब्द बोलतो हो. सायकलवरून नुसता हात करतो. हात करण्यानं काही कळतं का, कुणाचं काय चाललंय?" मग एकदम म्हणाल्या, "फसवलं मी सगळ्यांना. त्या गवंड्याचा गुडघा बघितलात ना? रोज उचलायला लावते मी त्याला."

मी उघड्या दारातून आतल्या तक्त्याकडे पाहिलं. भरती चार वाजून वीस मिनिटांनी होती.

शुक्रवारी सकाळी बाई दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उलटी आज्ञा दिली. "उतरू नका. तसेच जा. नळीवरूनच जा." ऐकून लोक गोंधळले. चष्मेवाला आला. त्याला बाईंनी हातवारे करून बजावलं. त्यानं मान हलवली, दात-ओठ खाऊन पेडल मारलं, आणि नळीपाशी येताच पाय आपोआप खाली. "जमत नाही, आत्या," तो ओशाळून म्हणाला. "तुम्ही दिसलात की पाय उतरतोच." पुन्हा मागे जाऊन प्रयत्न केला, पुन्हा उतरला. एका शिंप्यानं सुचवलं की तो नळीवर बसून तीन दिवस उड्या मारेल. मी म्हटलं, मी खोटा आकडा नेत नाही. शिंपी म्हणाला, उड्या खऱ्याच मारेन की. संध्याकाळी पेटीत आकडा होता एकसष्ट.

गवंडी घरी जाताना थांबला तेव्हा बाई त्याला म्हणाल्या, "एक काम करा. दोन्ही गावांत सांगा. उद्या-परवा माझं दार बंद असेल. मी दिसणार नाही. कुणी थांबायचं नाही, पाणी नाही, पंप नाही. सरळ निघून जायचं."

गवंड्यानं बाईंकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. "बरं," तो म्हणाला. "सांगतो."

शनिवारी सकाळी बाईंनी माठ आत घेतला, पंप आत घेतला आणि दार लावून घेतलं. पेटीजवळ मी दिसलो तर लोक माझ्याशी बोलायला थांबतील म्हणून मलाही आतच बसवलं. आम्ही खाटेवर आणि खुर्चीवर. थोड्या वेळानं बाहेर पहिला आवाज झाला, टप-टप. पुढचं चाक, मागचं चाक. मग पुन्हा टप-टप. मग एकापाठोपाठ एक.

बाई ऐकत होत्या. "हा चष्मेवाला," त्या म्हणाल्या. "डावं पेडल करकरतं." टप-टप. "ही शाळेतली बाई. बास्केट सैल आहे, वाजतं बघा. चार वेळा सांगितलं, थांब, आवळून देते." टप-टप. "हा शिंपी. हा बघा मुद्दाम जोरात नेतोय." मध्येच एखादा आवाज ओळखू आला नाही की त्या अस्वस्थ व्हायच्या, उठून दारापर्यंत जायच्या आणि परत येऊन बसायच्या. गवंडी येऊन गेला तेव्हा पिशवीतली अवजारं खणखणली. तो थांबला नाही. बाई म्हणाल्या, "गेला." मी एकतीस वर्षं तो आवाज आनंदानं ऐकत आलोय. त्या खोलीत पहिल्यांदा मला तो नकोसा झाला.

शनिवारी तीनशे चार. रविवारी तीनशे अठ्ठावन्न. रविवारी लेकीचा फोन आला तेव्हा बाईंनी रिसीव्हर दाराकडे धरून तिला चाकांचा आवाज ऐकवला.

तीन दिवसांचे मिळून सातशे तेवीस, सरासरी दोनशे एक्केचाळीस. सोमवारच्या सभेत मी कागद ठेवला. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कागद पुढे सरकवला. बंदी कायम राहिली. रुंदीकरणाचा नकाशा पुन्हा गुंडाळून कपाटात गेला. दुपारी मी नळी काढायला बांधावर गेलो.

बाई दारात उभ्या होत्या. माठ, पंप, डबा, सगळं जागेवर आलं होतं. मी बातमी सांगितली. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मग आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकला. मी खिळे उपटले, नळी गुंडाळली, पेटी बांधली. रस्ता मोकळा झाला. स्वच्छ, सलग काँक्रीट.

ठिपका दिसायला लागला. ठिपक्याचा शिंपी झाला. तो हात करून भर्रकन निघून गेला. मग शाळेतली बाई. बास्केट वाजवत तीही गेली. मग दोन अनोळखी माणसं. बाई दारात उभ्या होत्या आणि त्यांनी कुणालाच काही म्हटलं नाही. उतरा म्हणायचा हक्कच आपल्याला उरला नाही, असं त्यांनी ठरवून टाकलेलं दिसत होतं.

"सुटली सवय," त्या मला म्हणाल्या. "बरंच झालं. खोटी होती ती." त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

मग गवंडी आला. लांबूनच ओळखू आला, एक गुडघा कमी वाकणारा. जिथे पूर्वी फळी होती त्या जागी येऊन तो थांबला. उतरला. पिशवीसकट सायकल दोन्ही हातांनी उचलली, कण्हला, एक पाऊल पुढे टाकून ती खाली ठेवली.

बाई पुढे झाल्या. "उतरू नका हो. तिथे काही नाहीये." मग धीर करून म्हणाल्या, "कधीपासूनच नाहीये. बावीस वर्षं झाली. मी सांगितलं नाही कुणाला."

गवंड्यानं सायकल भिंतीला लावली आणि बाकावर टेकून गुडघा चोळला.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "ते काँक्रीट मीच घातलंय. मी आणि शिंप्याचा थोरला भाऊ. चष्मेवाल्याच्या वडिलांनी पाणी मारलं होतं तीन दिवस." त्यानं माठाकडे पाहिलं. "लेकीचा फोन आला का काल?"

पाणी देते म्हणून बाई आत गेल्या. माठ बाहेर होता, तरी आत गेल्या. त्यांना यायला बराच वेळ लागला, आणि तोवर मी आणि गवंडी बाकावर शेजारी शेजारी बसून राहिलो.